एका फ्लॉपीत मावेल तेवढा डॉस

ऑक्टोबर १९८८, रविवार. हजर: मी, टायपिस्ट वंदनाताई आणि आमच्या तुमसर गावचे एक जावई. त्यांची नोकरी जवाहरनगरला, संगणकावरचीच. दर रविवारी सासुरवाडीला येत आणि जेवण झालं, की सासऱ्यांच्या गप्पा चुकवायला आमच्या राइस मिलच्या ऑफिसात येऊन बसत.

हिशेबाच्या नव्या प्रोग्रॅमला नवा डॉस, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, हवा होता. आमचा जुना संगणक एकाच फ्लॉपीवर चाले, त्यावर तो चालणार नाही, असं नागपूरच्या विक्रेत्याने सांगितलं होतं. संगणक गेला, की त्यावरच काम करणाऱ्या वंदनाताईंची नोकरीही जाणार होती.

चपला बाहेर काढून जावई संगणकापुढे बसले. नवा डॉस एका फ्लॉपीत मावेना, तेव्हा ते एकेका फाइललाच विचारू लागले, "तू कायले आली वो? इथं काय करून राहिली?" नको ती गाळली.

"जवाईबापू, कामाचीच तं नाही ना काढली?" ताईंनी घाबरून विचारलं.

"काढली असन तं मशीन बोंबलन. मंग घेऊ तिले परत."

शेवटची कळ त्यांनी दाबली नाही. "ताई, तुमी दाबा. उद्यापासून तुमालेच चालवाचं हाय."

पडद्यावर नवा डॉस उमटला. प्रिंटर मात्र छापेना. ते राहिलेलं काम मी सोमवारच्या कामांत वंदनाताईंच्या नावापुढे लिहिलं.