बंगल्यातली हजेरी

आमच्या शेजारच्या बाईंना श्रीमंतांच्या खुनांची जेवढी माहिती आहे, तेवढी त्या श्रीमंतांना असती तर निम्मे तरी वाचले असते. केळझरला पोरं शिकवून निवृत्त झालेल्या या बाई रोज दुपारी टीव्हीवर खुनाचे माहितीपट लावतात आणि मला हाक मारतात, "ये वं, आज हिऱ्याचा व्यापारी मेला!"

खुनी कोण, याच्याशी त्यांना काडीचं घेणंदेणं नाही. त्यांची नजर स्वयंपाकघरावर. मांडीवर शाळेचं जुनं कोरं हजेरीपत्रक असतं. त्यात मेलेल्या शेटचं नाव नसतंच. स्वयंपाकीण, ड्रायव्हर, माळी, चौकीदार यांच्यातलं कोण दिसलं, कोण बोललं, कुणाचं नाव सांगितलं, याच्या खुणा तेवढ्या असतात. एकदा लंडनच्या कुठल्याशा महालात एक पाठमोरी बाई ट्रे घेऊन गेली, तर आमच्या बाईंनी तिला अकरा वेळा मागेपुढे केलं. "पाह्य ना, साऱ्याईले वाढून राह्यली बिचारी. घरात काय चाललं हे तिलेच माहीत, अन् तिलेच काऊन नाई विचारत कोणी?" मी हसले, तर त्यांनी मला वर्गाबाहेर काढण्याच्या बेतात असल्यासारखं पाहिलं. मग मीही मुकाट्याने ट्रेवाल्या बाईची वाट पाहू लागले.

हे वेड कुठून आलं, ते साऱ्या आळीला ठाऊक आहे. त्यांची धाकटी बहीण सुजाता नागपूरला एका बिल्डरच्या बंगल्यात स्वयंपाकाला होती. बिल्डरचा खून झाला तेव्हा ती मध्ये पडली आणि तीही गेली. पेपरात शेटचा फोटो आला, सुजाताचं नावही आलं नाही.

गेल्या वर्षी त्याच खुनावर मालिका करणारी माणसं मुंबईहून आली. बाईंनी त्यांना गोळाभात खाऊ घातला, दिवसभर बोलल्या, आणि सुजाताचा होता तो एकुलता एक फोटो हार काढून त्यांच्या हाती दिला. "निदान मोबाइलवर काढून तरी ठेवा," मी म्हटलं. "राहू दे वं. त्याईले मोठा कराचा आहे. साऱ्या जगाले दिसन." फोटो परत आला नाही. ती माणसं फोनही उचलेनात. बाई वाट पाहत राहिल्या.

शेवटी मालिका आली. चार भाग. शेटची शाळा, शेटच्या गाड्या, कुत्रासुद्धा नावानिशी. बाईंचं बोलणं कुठेच नव्हतं. शेवटच्या भागात निवेदक म्हणाला, "या हल्ल्यात घरातली एक मोलकरीणही मरण पावली," आणि तो फोटो आला. चेहरा धूसर केलेला. पदर आणि एक कान तेवढा स्पष्ट.

मी टीव्ही तिथेच थांबवला. मला शिव्या सुचत होत्या. बाई उठून पडद्याजवळ गेल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रोज आठवून पाह्यते वं तिचं तोंड," त्या म्हणाल्या. "डोळ्यापुढं येते, अन् लगेच जाते. म्हणून वाट पाहून राह्यली होती." मग माझ्याकडे वळल्या. "तू पाह्यलं होतं ना तिले? सांग ना, कशी दिसे?"

मी सुजाताला एकदाच, तेही ओझरतं पाहिलं होतं. तरी सांगत गेले, आणि बाई माझ्या प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणत गेल्या.