कोरडी आणि कोरडवाहू

मे महिन्याचा चौथा रविवार, सकाळचे सात. ठिकाण सावली गावाच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. हजर: मी, माझे मिस्टर, दलाल आणि माझी वही. गैरहजर: जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती पांढरी घोडी. ती चंद्रपुरात आमच्या अंगणात एक पाय उचलून उभी होती.

आमच्याकडे वरातीसाठी घोड्या ठेवतात, सासऱ्यांच्या काळापासून. आता ही एकच उरली. अंगण खोलगट आहे. मागच्या पावसाळ्यात चिखलात उभं राहून तिचे मागचे खूर सडले. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असाच आणखी एक पावसाळा काढला तर ती बसेल आणि उठणार नाही. म्हणून राहतं घर विकून बाहेर, जमिनीसकट दुसरं घ्यायचं ठरलं.

मी आठ अटींची यादी केली. पहिली अट लाल शाईने: कोरडी जमीन. दलालाला ती तीनदा वाचून दाखवली आणि एक झेरॉक्सही दिली. तरी त्याने आधी चामोर्शीकडे नदीकाठची जागा दाखवली. "पाणी भरपूर हाय, भाभी!" म्हणे. मी यादीवर बोट ठेवलं. "बरं बरं, कोरडी पाह्यजे," तो म्हणाला, जणू मी आत्ताच सांगत होते.

सावलीची जागा मात्र बरी वाटली. तीन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, दारात कडुनिंब. मागे दीड एकर भातखाचरं, भेगाळलेली, टणक. मिस्टर कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इथी बांधू तिले." झालं, त्यांची खरेदी पूर्ण.

मी सातबारा मागितला. दलालाने बोट टेकवलं. "पाहा, सरकारी कागद हाय. कोरडवाहू."

"पण या बांध्या तर धानाच्या आहेत."

"धानाच्या हायत, पण कोरडवाहू ना, भाभी! कालवा नाई, विहीर नाई. पाणी येईल कुठून?"

मी पहिल्या अटीपुढे खूण केली. माझ्या हाताने केली, हे अजून डोक्यातून जात नाही.

शेजारच्या बांधावर एक म्हातारे भाऊ जाळं शिवत बसले होते. त्यांनी विचारलं, "काय ठेवता इथी?"

"घोडी."

त्यांनी सुई थांबवली. "मंग तिले पोहाले शिकवा, बाई. सावनात आमी इथीच मासोऱ्या धरतो."

"पण जमीन कोरडवाहू आहे म्हणतात."

"हाय ना. पाणी कालव्याचं नाई, वरचं हाय, पावसाचं. मांडीपर्यंत रायते."

मी दलालाकडे पाहिलं. तो झाडाकडे पाहत होता. "तुमी कोरडी म्हटलं, मी कोरडवाहू दाखवली," तो म्हणाला. "एकाच शब्दाचा फरक हाय." मिस्टर हसले. मी हसले नाही. म्हाताऱ्या भाऊंनी मात्र गावामागचं मुरमाड टेकाड दाखवलं: पावसात सगळं गाव तिथेच गुरं बांधतं. मी लगेच वहीत लिहिलं, मालक कोण? दलालाने चौकशी केली. सातबाऱ्यावर झुडपी जंगल, म्हणजे सरकारी, विकत मिळणार नाही.

घरी येऊन घोडीचे खूर धुतले, पुसले, औषध लावलं. तिने पाय माझ्या हातात देऊन टाकला.

खूण खोडली. 'कोरडी' हा शब्दही खोडला आणि लिहिलं: श्रावणात घोडी उभी राहिली तर खूर भिजणार नाहीत अशी जमीन. दलालाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "असं पह्यलेच सांगाचं ना, भाभी. मुलचेऱ्याकडे एक हाय. उंच हाय. कोरडवाहूच हाय."

मृगाला पंधरा दिवस आहेत. पहिल्या अटीपुढची जागा रिकामी आहे.