एका मशीनची दोन दारं

उभ्या बीदर जिल्ह्यात माझ्या थोरल्या दिरांइतका नेटानं अबोला पाळणारा माणूस सापडायचा नाही. लोक सोमवार पाळतात, एकादशी पाळतात. हे अबोला पाळत, आणि तोही एकाच माणसाशी, सख्ख्या धाकट्या भावाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी. बाकी जगाशी बोलायला त्यांना दिवस पुरायचा नाही. दूधवाल्याशी कन्नड, भंगारवाल्याशी दखनी, औरादकडून येणाऱ्या मिरचीवालीशी तेलुगू आणि माझ्याशी मराठी. एका घरात राहून, एकाच चुलीवरचं जेवून, भावाशी मात्र यातली एकही नाही. अकरा वर्षं चाललं हे. मी पक्की मोजलीत, कारण मधे मी होते.

भांडणाचं कारण सांगायचीसुद्धा लाज वाटते. मैलूरच्या आमच्या घराच्या अंगणात लिंबाचं झाड होतं, अण्णांनी, म्हणजे ह्याच थोरल्या दिरांनी, लहानपणी स्वतः लावलेलं. अण्णा भालकीला शाळेत विज्ञान शिकवायचे. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायचे. एकदा परीक्षेच्या ड्यूटीवर आठ दिवस गेले, तेवढ्यात माझ्या नवऱ्यानं झाड तोडून पोराच्या अभ्यासाच्या खोलीचा पाया खणला. अण्णा परत आले, पिशवी हातात तशीच, बुंध्याजवळ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मला इचारायचं तरी." त्यावर आमच्या ह्यांनी 'चुकलं' म्हणावं की नाही? पण बस डेपोतला टाइमकीपर तो, गाडी सुटली की सुटली! "झाड काय तुझ्या एकट्याचं व्हय?" म्हणाले. झालं. त्या दिवसापासून अण्णांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही आणि भावाशी तोंड उघडलं नाही.

तोंड उघडलं नाही म्हणजे काय, तर माझ्यामार्फत उघडलं. "मंगल, त्याला सांग, ग्यास संपायलाय." हे दीड हातावर पेपर वाचत बसलेले. "मंगल, त्याला सांग, मी कालच नंबर लावलाय." सुरुवातीला मी बावळटासारखी दोन्हीकडचं पुन्हा म्हणून दाखवायची. पुढं पुढं मी नुसतं तांदूळ निवडत मधे बसलं तरी काम भागायचं. एकदा माझं डोकं फिरलं आणि मी चार दिवस मेहकरला माहेरी निघून गेले, म्हटलं आता बोलतील मुकाट्यानं. परत येऊन बघते तर स्वयंपाकघराच्या दारात पोराची जुनी पाटी टांगलेली. वर अण्णांचं वळणदार अक्षर, 'मंगल, त्याला सांग, उद्या नळाला पाणी नाही.' खाली ह्यांचं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं, 'मंगल, त्याला सांग, मला माहीत आहे.' घरात मी नसतानाही निरोप माझ्याच नावानं! मी हसून हसून उंबऱ्यावर बसले, आणि मग तिथंच रडले.

पोरगा शिकला आणि नोकरीला पुण्याला गेला. जाताना त्याचा कॉम्प्युटर घरी ठेवून गेला, बाबांनी ईमेल करावं, फोटो बघावेत म्हणून. अण्णा खोलीत येणार नाहीत म्हणून त्यानं तो मुद्दाम बाहेरच्या सोप्यात मांडला. ह्यांना दोन महिन्यांत पत्ते खेळता यायला लागले आणि एका बोटानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिता यायला लागलं. अण्णा तोवर रिटायर झालेले, त्यांचेही हात शिवशिवत होते. पण ह्यांनी बसल्या जागेवरून निरोप दिला, "त्याला सांग, माझ्या ईंडोजला हात लावायचा न्हाई." अण्णा म्हणाले, "त्याला सांग, मला त्याच्या घरात पाय ठेवायची हौस न्हाई. मी माझं येगळं घालतो."

मला वाटलं दुसरा कॉम्प्युटर आणतात. तसं नव्हतं. एका मासिकाबरोबर त्यांना लिनक्सची, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टीमची, सीडी फुकट मिळाली होती. त्याच मशीनमध्ये, ह्यांचं विंडोज होतं तसं ठेवून, शेजारी लिनक्स घालायचं. मशीन चालू करताना कुठलं हवं ते निवडायचं. बसस्टँडजवळचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला हसला म्हणे, "मास्टरसाब, एक मशीन में दो-दो कायकू?" अण्णांनी त्याला कायकू ते सांगितलं नाही. तीन महिने अभ्यास केला. वहीत डिस्कचा नकाशा काढला, एवढी जागा त्याची, एवढी माझी, आणि त्याची जास्त ठेवली. बसवायच्या दिवशी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसले. आधी मला म्हणाले, "मंगल, त्याला सांग, तुझं सगळं सीडीवर काढून घे. माझ्या हातून काय चुकलं तर जायला नको." हे म्हणाले, "त्याला सांग, माझा एक फोटो जरी गेला तर बघ." आणि उठून गेले तुळजापूरच्या गाडीची वेळ लावायला, पण दर अर्ध्या तासाला डेपोतून फोन, "झालं का गं? हाय का माझं?"

सगळं शाबूत होतं. संध्याकाळी काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. वर विंडोज, खाली लिनक्स. दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर वरचं आपोआप उघडायचं. मी विचारलं, "अण्णा, सगळं तुम्ही बसवलं आणि तुमची ओळ खाली कामून?" "त्याला थांबायला जमत न्हाई," अण्णा म्हणाले. "आपलं काय, एक बटन दाबायचं." तेव्हापासून अण्णा पहाटे पाचला आपलं उघडून बसत. त्यात आकाशाचा नकाशा होता. बीदरवर आत्ता कुठला तारा आहे ते मला दाखवत, आणि मी चहाचा कप हातात देऊन, "दारात जाऊन बघा की, खरे तारे फुकट हायत," म्हणायची.

एके दिवशी मी जरा लवकर उठले, तर अण्णांच्या पडद्यावर पुण्याहून आलेले माझ्या नातीचे फोटो. हे फोटो तर ह्यांच्या बाजूचे! अण्णा त्यातलं काहीतरी निवडून पुसत होते. मी ओरडलेच. "अण्णा! हे काय करायलात? त्यांचं पुसायलात व्हय?" ते शांतपणे म्हणाले, "फोटो न्हाई गं. व्हायरस पुसायलोय. तो कुणाकुणाची पेनड्राइव्ह आणून लावतो, घाण घेऊन येती. माझ्याकडून साफ करता येतं." मग चष्मा काढून मला नीट समजावलं, वर्गात सांगावं तसं. "असं हाय बघ. माझ्या बाजूनं त्याचं सगळं दिसतं. त्याच्या बाजूनं माझं कायबी दिसत न्हाई. त्याच्या लेखी मी न्हाईच."

एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. मी विचारलं, "त्यांची पत्रं-बित्रं वाचता काय?" तर असे रागावले! "अंगण झाडून काढतो म्हणून काय घरात डोकवायचं? एक फाइल उघडली न्हाई मी आजवर." आणि मग, "त्याला सांगायचं न्हाई हे. शपथ हाय माझी." अकरा वर्षांत हा एकच निरोप असा होता, जो पोचवायचा नव्हता. तो मी इमानानं नाही पोचवला. हे आल्यागेल्याला छाती फुगवून सांगायचे, "लोकांच्या मशीनला व्हायरस लागतो, आमच्या बघा! ठेवायची रीत लागती." शेजारी अण्णा शेंगा फोडत बसलेले. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. माझ्या जिभेवर कितीदा आलं! पण शपथ म्हटली की मी भित्री.

तीन वर्षं गेली. अण्णांचा खोकला वाढला, एका थंडीत दवाखान्यात ठेवावं लागलं. हे रोज वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर दिवसभर बसत, आत येत नसत. अण्णा म्हणत, "त्याला सांग, घरी जाऊन जेव." मी दाराबाहेर. "त्याला सांग, भूक न्हाई." मी दारात. शेवटच्या दिवशी मी दोघांसमोर हात जोडले, बाबांनो, आता तरी. हे उठले, दारापर्यंत आले, पडद्याला हात लावला आणि तिथंच थांबले. तेवढ्यात अण्णांना झोप लागली होती. उठवायला नको म्हणाले, सकाळी बोलतो. सकाळ झाली, पण बोलायला अण्णा नव्हते.

दिवसकार्य झालं. दीड-दोन महिन्यांत मशीन बिघडलं. नातीचे फोटो दिसेनात, एक उघडावं तर भलतंच उघडायचं. हे चिडून बटणं बडवत होते, "इतक्या वर्सांत कधी झालं न्हाई असं, आत्ताच कामून?" आणि माझा बांध फुटला. ज्यांनी शपथ घातली तेच गेले, आता कुणासाठी गप्प बसायचं? मी सगळं सांगितलं, पहाटे पाच, पेनड्राइव्हची घाण, रोजची झाडलोट. हे ऐकत राहिले. मला वाटलं आता रडतील, नाहीतर ओरडतील. तसं काहीच केलं नाही. खुर्ची माझ्याकडं वळवून, एखाद्या पोरासारखं आशेनं विचारलं, "त्याला माझं सगळं दिसायचं? सगळं?"

"व्हय."

मग त्यांनी मला एक फाइल उघडून दाखवली. नाव दिलं होतं 'वेळापत्रक', कुणाला संशय नको म्हणून. आत इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटानं लिहिलेलं. अण्णा, झाड तोडाया नको होतं. तुला इचाराया पायजे होतं. माझं चुकलं. तू माझ्याशी बोल. तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं, आणि द्यायचा धीर होत नाही म्हणून तसंच पडलेलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "त्यानं वाचलं असंल का गं हे?"

मला ठाऊक होतं. एक फाइल उघडली न्हाई म्हणाले होते आणि अण्णा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. पण त्या चेहऱ्याला 'नाही' कसं म्हणायचं, सांगा तुम्ही. मी म्हटलं, "वाचलं की. मला बोलले होते."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, झाडाचं काय एवढं, दुसरं लावता येतं. पोरगंच हाय ते, म्हणाले."

हे हुंदके देऊन रडले. कितीतरी वेळ. अकरा वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं, आणि मला वाटलं, चला, मंगल, तुझ्या हातून एक तरी बरं काम झालं. मग ते डोळे पुसत उठले, माझ्यासमोर आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तो असं म्हणाला होता, आणि तू मला तेव्हाच कामून सांगितलं न्हाईस?"