बाईंच्या संगणकाला डिस्क सापडेना

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर जळगाव जामोदच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाईंचे, असं मी सांगतो. आईवडिलांसमोरही हेच सांगतो आणि त्यांना त्यात कधी वावगं वाटलं नाही. बाईंचं नाव इथे लिहीत नाही. छापलेल्या कागदावर स्वतःचं नाव दिसलं तर त्या संकोचतील.

माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात बाई आमच्या घरी आल्या आणि खाटेवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "याला बुलढाण्याला बी.एस्सी.ला पाठवा. संगणक विषय घेऊ द्या."

"बाई, आमच्या घरात दहावीच्या वर कोनी गेलं नाही," वडील म्हणाले. "हा शिकून काय करीन?"

"काय करील ते मला आत्ता सांगता येणार नाही. पण रुई खात बसणार नाही, एवढं सांगते."

आतून माय म्हणाली, "जाऊ द्या त्याले. इथं राहून तरी कोनतं काम करून राह्यला तो!"

मी गेलो. पदवी घेतली आणि बुलढाण्यातच एका कार्यालयात संगणकांची देखभाल करायच्या नोकरीला लागलो. आमच्या घरातली ती पहिली पदवी.

पुढे शाळेत संगणक आले, तेव्हा संगणकाची खोली बाईंकडेच आली. विकतची प्रणाली शाळेला परवडत नव्हती आणि चोरून घातलेली बाईंना चालत नव्हती. म्हणून मी फुकट मिळणारं लिनक्स बसवून दिलं. एक मुख्य संगणक, आणि बाकीचे जुने, बिनडिस्कचे. ते सगळे मुख्य संगणकाच्याच जिवावर चालत. मुलामुलींचं सगळं कामही त्याच्यातच साठे. तो बंद पडला की अख्खी खोली अंधारात, अशी ती रचना होती.

त्या वर्षी बाईंनी अकरावीच्या काही मुलींना संगणकाच्या परीक्षेला बसवलं होतं. त्यासाठी त्या घरोघर फिरल्या होत्या. बहुतेक घरांत एकच उत्तर मिळालं, "गावातच असंन तं बसू द्या. बुलढाण्याले नाही पाठवत." मग खटपट करून बाईंनी आमच्या शाळेलाच केंद्र मिळवलं. परीक्षक येणार, मुलींनी जूनपासून केलेलं काम संगणकावर पाहणार, चार प्रश्न विचारणार, अशी परीक्षा. ती दसऱ्यानंतर दोन दिवसांनी होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाईंचा फोन आला.

"सुरूच होत नाही रे. काळा पडदा आणि वर इंग्रजीत दोन ओळी."

"वाचून दाखवा, बाई."

बाईंनी हजेरी घ्यावी तसं एकेक अक्षर सुटं वाचलं. 'नो सच डिव्हाइस', मग आकडे-अक्षरांची लांबलचक माळ, आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. मी रजा टाकली आणि स्टँडवर गेलो. राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर, नांदुरा करत दुपारी शाळेत पोचलो. वाटेत मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. आज हे सुरू झालं नाही, तर उद्या परीक्षक मुलींची नावं बुलढाण्याच्या केंद्रावर लिहून निघून जातील, आणि त्या मुली काही बुलढाण्याला येणार नाहीत.

ग्रब म्हणजे काय ते सांगतो. संगणकाचं बटण दाबलं की आधी एक छोटासा प्रोग्राम जागा होतो. त्याचं काम एवढंच, की लिनक्स ज्या डिस्कवर आहे ती शोधायची आणि पुढचा कारभार तिच्या हवाली करायचा. आमच्या मुख्य संगणकात दोन डिस्क होत्या. पहिलीवर हा छोटा प्रोग्राम, दुसरीवर लिनक्स आणि मुलींचं काम. आणि हा प्रोग्राम दुसरी डिस्क जागेवरून ओळखत नाही. प्रत्येक डिस्कवरच्या भागाला स्वतःचा एक लांब क्रमांक असतो, तो पाहून ओळखतो. पोस्टमनने घर कोणतं ते न बघता माणसाचं नाव विचारावं, तसं.

बाई खुर्ची ओढून माझ्या मागे बसल्या. शाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, दारात उभे राहिले. मी पाचवीत असल्यापासून ते मला ओळखत.

"काय म्हनून राह्यला बे तो?" मामांनी विचारलं.

"डिस्क सापडत नाही म्हणते, मामा."

"त्याच्याच पोटात तं आहे. पोटातलं बी दिसत नाही काय त्याले?"

आधी मी सोपं ते पाहिलं. सुरुवातीच्या पडद्यावर दोन्ही डिस्क दिसत होत्या. केबल काढून परत घट्ट बसवल्या. काही फरक नाही. मग त्या ग्रबलाच विचारलं, तुला काय काय दिसतं? त्याने दोन्ही डिस्क सांगितल्या. दुसरीच्या आत काय आहे विचारलं, तर उत्तर आलं की आतली मांडणी मला वाचता येत नाही.

डिस्क आहे, पण वाचता येत नाही, याचा सरळ अर्थ आतलं सगळं विस्कटलंय असा होऊ शकतो. लिनक्स मी तासा-दोन तासांत पुन्हा बसवलं असतं. मुलींचं चार महिन्यांचं काम कुठून आणणार?

"पोरींचं काम गेलं का?" बाईंनी विचारलं.

"अजून सांगता येत नाही, बाई."

"खरं सांग."

"खरंच सांगतो. अजून कळलं नाही."

मामा दारातून आत येऊन बाकावर टेकले.

मी सोबत एक सीडी आणली होती. डिस्कला हात न लावता नुसत्या सीडीवरून लिनक्स चालवता येतं. ते चालू केलं आणि दुसरी डिस्क उघडली. ती उघडली, अगदी सुरळीत. आत विस्कटलेलं काही नव्हतं. स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका होती, पंधरा ऑगस्टची सूचना होती, पालकसभेची सूचना होती. सगळं जुनं, आणि सगळं विंडोजमध्ये केलेलं, ज्याची मांडणी त्या छोट्या ग्रबला वाचता येत नाही.

डिस्क धडधाकट होती. फक्त ती आमची नव्हती.

मी वीज बंद केली, डबा उघडला आणि ती डिस्क बाहेर काढली. तिच्या कागदी पट्टीवर ओल्या बोटाने टेकवलेला कुंकवाचा ठिपका होता. पहिली काढली, तिच्यावरही होता.

"बाई, डिस्क बाहेर काढल्या होत्या का?"

"परवा खंडेनवमीला काढल्या होत्या. पूजा नको का करायला?"

"डब्याची करायची ना."

"डब्याची काय पूजा? पोरींना मीच सांगते, डबा नुसता पत्रा आहे, अक्कल सगळी डिस्कमध्ये. मग कुंकू पत्र्याला लावू? काढल्या, पाटावर ठेवल्या, फूल वाहिलं. पाणी उडू दिलं नाही. तूच शिकवलं होतंस तसं चार-चार स्क्रू लावून परत बसवल्या."

"दोन्ही?"

"तिन्ही."

"तिसरी कोणती?"

बाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे कापड टाकून ऑफिसचा जुना संगणक ठेवलेला होता. तो जळाल्याला बराच काळ झाला होता. त्यात वीजही जात नव्हती.

"तो तर बंद आहे, बाई."

"बंद आहे म्हणून काय पाटावर नाही घ्यायचा? तुमच्या घरी वखराची झिजलेली लोखंडी पास पुजत नाहीत का?"

पुजतात. आमच्याकडे खंडेनवमीला मोडका विळा, बोथट कुऱ्हाडसुद्धा धुऊन पाटावर येते. आयुष्यभर राबलेल्या औजाराला त्या दिवशी वगळलं तर ते बरं दिसत नाही. तिन्ही डिस्क एकाच खेपेत आलेल्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. पाटावरून उचलताना त्यांतल्या दोघींची अदलाबदल झाली होती. आणि तो संगणक बंदच असल्यामुळे त्याच्याकडून तक्रार येण्याचा प्रश्नच नव्हता.

मामांना सगळ्यांत आधी हसू फुटलं. "लग्नातल्या चपलाईसारखं झालं हे! मांडवातून उठले अन् दुसऱ्याच्या घालून गेले."

"मामा, तुम्ही गप बसा," बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज आता सैल झाला होता.

मी कोपऱ्यातलं कापड काढलं, तो डबा उघडला. आतली डिस्क आणून मुख्य संगणकात बसवली आणि बटण दाबलं. काळा पडदा आला, गेला. मग लिनक्सने डिस्क तपासायला घेतली. शेवटी नाव विचारणारी चौकट आली.

बाईंनी मला उठवलं आणि स्वतः बसल्या. एकेका मुलीच्या नावाचं खातं उघडून पाहिलं. कोणी गावाचा नकाशा काढला होता, कोणी भावाच्या लग्नाची पत्रिका केली होती, एकीने संत्र्याच्या बाजारभावाचा तक्ता मांडला होता. शेवटचं खातं पाहून झाल्यावरच बाईंनी चष्मा काढला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा शाळेतच झाली. एकही मुलगी गैरहजर नव्हती.

मी मात्र त्याच संध्याकाळच्या गाडीने परतलो होतो. निघताना बाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "यापुढे संगणकाची पूजा नाही. माझ्या हौसेपायी पोरी घरी बसल्या असत्या." मला ते पटलं नव्हतं, पण बाईंच्या तोंडावर त्यांना खोडून काढायची मला सवय नाही. गाडीत बोलायचं ते सुचलं. मग निकाल लागल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं.

आदरणीय बाई,

नमस्कार. मुली पास झाल्याचं मामांनी फोनवर कळवलं. घरी सांगितलं तेव्हा मायने देवापुढे साखर ठेवली.

तुम्ही फाटकात जे म्हणालात त्याबद्दल लिहितो आहे. पूजा बंद करू नका. पूजेच्या दिवशी मुलींनी डिस्क पहिल्यांदा हातात धरली, असं मामा सांगत होते. वर्गात फळ्यावर काढून ती इतकी जवळून कळली नसती. फक्त एका वेळी एकच संगणक उघडा. त्याची पूजा झाली की तो बंद करा, मगच दुसरा उघडा. बंद पडलेलाही घ्या, पण सगळ्यांत शेवटी.

आणि हौसेपायी मुली घरी बसल्या असत्या असं मनात ठेवू नका. तुम्ही दारोदार गेला नसता तर त्या परीक्षेचं नावही त्यांच्या कानावर आलं नसतं. चूक एका दुपारीत दुरुस्त झाली. दारोदार जाण्याचं काम दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. हे मी अनुभवाने लिहितो आहे.

दिवाळीच्या सुट्टीत येतो आणि दोन डिस्कांवरचं सगळं एकाच डिस्कवर आणून देतो. मुलींच्या कामाची एक जादा प्रतही काढून ठेवू. पुढच्या वर्षी कोणत्या मुलींना बसवायचं ते ठरलं असेल तर कळवा. एखाद्या घरी अजून नाहीच म्हणत असतील, तर त्या घरी आपण दोघं जाऊ.

तुमचा विद्यार्थी