विचारून घेणारी मोठीमाय

मोठीमाय विचारल्याशिवाय कशाला हात लावत नसे. कढीपत्त्याची डहाळी मोडायची असली, तरी खोडाला हात लावून "घेऊ का गं माय?" म्हणायची आणि जरा वेळ थांबायची. माझ्या थोरल्या चुलत्यांची ही बायको. उमरीजवळच्या आमच्या गावात तिला सगळे हसायचे. मी मात्र आई गेल्यापासून तिच्याच पदराला धरून वाढले, त्यामुळे मला वाटायचं, सगळं जग असंच विचारून चालतं.

आम्ही पोरींनी चिंचा पाडल्या, की तिचा एकच सवाल, "इचारलं का?" विचारलं नसेल, तर चिंचा झाडाखाली ठेवून यायच्या. कोण बघायला आलंय, म्हणून एकदा मी खोटंच "हो" म्हटलं. तिनं शांतपणे विचारलं, "मंग काय म्हन्लं झाड?" चिंचा परत गेल्या.

देवळात ती क्वचितच जायची. सकाळी गोठ्यात आमच्या म्हशीच्या, चंद्रीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर तळवा ठेवून डोळे मिटून उभी राहायची, तीच तिची पूजा. चंद्रीनं मान खाली घातली की होकार, झटकली की नकार. "तिच्यात जो हाय तोच माझ्यात हाय. त्याला इचारल्याबिगर घ्यावं कसं?" एकदा मुखेडचे पाहुणे आले आणि नेमकी त्याच सकाळी चंद्रीनं मान झटकली. पाहुणे कोरा चहा पिऊन गेले. चुलते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. "न्हाई म्हन्ली ती, म्या काय करू?" एवढंच ती म्हणाली. मला तिचा केवढा अभिमान वाटला होता.

पुढे चुलते वारले आणि मी नर्सिंग शिकायला लातूरला गेले. निघताना सांगितलं, "दिवाळीला येते. चंद्रीला सांभाळ." ती म्हणाली, "हाव, तू बिनघोर जा." रोज संध्याकाळी फोन व्हायचा. "चंद्री बरी हाय. तुझी वाट बघून राहिली," असं ती सांगायची आणि मी ते कौतुकानं मैत्रिणींना सांगायची.

दिवाळीला गेले, तर गोठ्यात सरपण रचलेलं होतं. दूध आटल्यावर, दोन महिन्यांपूर्वीच, चंद्री बाजारात गेली होती. भाकड म्हैस व्यापारी कशाला नेतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मोठीमाय चुलीपुढे बसून म्हणाली, "गुडघे गेले माय. पानी पाजताना दोनदा पडले." मला ते दिसत होतं, पटतही होतं. मी असते तरी काय केलं असतं, कोण जाणे. पण जिनं चार चिंचांपायी माझं एक खोटं खपवून घेतलं नाही, तिनं मला रोज फोनवर फसवावं, हे मला सोसलं नाही. त्या दिवाळीचा फराळ मी तोंडात घातला नाही.

नंतर जात-येत राहिले. औषधं नेली, तिच्या गुडघ्यांना तेल चोळलं. चंद्रीचं नाव दोघींनीही काढलं नाही. एक मात्र माझ्या लक्षात आलं. कढीपत्ता ती आता सरळ ओरबाडून घ्यायची. झाडाजवळ थांबायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. एका दुपारी उशाशी बसले होते आणि मला राहवलं नाही. तिचाच सवाल तिला केला, "इचारलं होतं का, चंद्रीला?"

तिनं नजर छताच्या पत्र्याकडे वळवली. "इचारलं ना. टेम्पो दारात हुबा होता तवा. कपाळाला हात लावला."

"मग?"

"न्हाई म्हन्ली."

आठवड्यानं ती गेली. दोन महिने फोनवर खोटं बोललेल्या माझ्या मोठीमायनं तेवढं एकदा खोटं बोलायला हवं होतं.