गाढवाचं पान

वडगाव रासाईच्या त्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या पिशवीतलं चित्रांचं पुस्तक बघून आबांनी विचारलं, "हे कुणाला?"

"तुमच्या नातीला. वाचून दाखवणार आहे."

"म्याडम, तिला बोलता येत न्हाई, हातात काय धरता येत न्हाई. तिला काय कळणार?"

नात खाटेवर उशांना टेकून बसली होती. असेल आठ-नऊ वर्षांची. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यामुळे तिचे हातपाय ताठ असत, मान मनासारखी वळत नसे. तिला शाळेत येणं जमत नव्हतं, म्हणून मी, दिव्यांग मुलांची फिरती शिक्षिका, वरवंडहून स्कूटीवर तिच्याकडे जायचे.

गोष्ट एका म्हशीची होती. ती डबक्यातून बाहेरच येत नाही. कोंबडी विनवते, शेळी विनवते, म्हैस म्हणते, "येत नाही जा!" शेवटी गाढव येतं, ओरडतं आणि सरळ पाण्यात उडी मारतं. म्हैस घाबरून बाहेर पळते.

गाढवाच्या पानावर मी जीव तोडून ओरडले. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मुलगी मात्र छताकडे बघत राहिली.

तरी दर खेपेला मी तेच पुस्तक न्यायचे. एकदा तिची आई हळूच म्हणाली, "गाढव आलं की हिचे डोळे हसत्यात, बघा." आबांचीही खुर्ची दारातून सरकत सरकत खाटेजवळ आली होती. ते पेपर वाचतोय असं दाखवायचे, पण पान कधी उलटायचे नाहीत. मधेच म्हणायचे, "चित्र काढणाऱ्यानं म्हैस कवा बघितल्याली दिसत न्हाई."

एका खेपेला माझा घसा पार बसला होता. मी आबांपुढे पुस्तक धरलं. "आज तुम्ही वाचा."

नेमकी त्याच वेळी गावच्या सोसायटीची मंडळी चहाला बसली होती आणि आबा त्यांच्यातले मानाचे. त्यांनी चष्मा चढवला, मीटिंगचा वृत्तांत वाचावा तशी कोंबडी वाचली, शेळी वाचली आणि दोन पानं एकदम उलटून म्हणाले, "म्हैस बाहेर आली. गोष्ट संपली."

"आं!"

एवढा मोठा आवाज तिने कधी काढला नव्हता. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय चावलं गं?" तिने उशा उचलल्या, फ्रॉक झटकला. काहीच नव्हतं. मुलगी मोठ्या कष्टाने मान वळवून आबांच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होती.

मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "आबा, गाढव राहिलं."

"राहू द्या की. म्हैस आली ना बाहेर?"

"आं!"

मंडळींपैकी एकाने कपबशी खाली ठेवली. "आबा, विषय वगळायला सभासदाची हरकत हाय."

सगळे हसले. आबांनी पान मागे उलटलं. एकदा मंडळींकडे बघितलं, एकदा नातीकडे. टोपी नीट केली, डोळे मिटले आणि असे काही ओरडले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मुलगी इतकी हसली की तिचं सगळं अंग ताठ झालं. आईला तिला धरून ठेवावं लागलं. माझं हसू आवरेना आणि डोळे पुसायला पदरही सापडेना.

मंडळी गेल्यावर आबा पुस्तक मांडीवर घेऊन बसले.

"म्हंजी हिला सगळं पाठ हाय?"

"पहिल्यापासून ऐकतेय ती."

त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "मग सांगायचं न्हाईस व्हय मला?" आणि आपण काय बोललो ते कळल्यावर ओशाळले.

त्या दिवसापासून "आं" म्हणजे "नको" असं घरात ठरलं. आई रोज सकाळी भाज्यांची नावं घेते आणि नात निवाडा देते. दोडका कायमचा बाद झालाय. आबांना दोडका फार आवडतो. पण त्यांचं कुणी ऐकत नाही.