चिचगडच्या टेकडीवरचा वारा

वर्षभर मोजलेल्या वाऱ्याच्या नोंदी आणायला डिसेंबरात मी पुन्हा गोंदियाला निघाले. पवनचक्क्यांसाठी ही टेकडी मीच सुचवली होती आणि आकडे कमी येत होते. टेकडीखालच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, राहणाऱ्या पटलेकाकाजींना हे सांगायचं कसं?

पुण्याहून रेल्वेनं गोंदिया. स्टेशनबाहेर पोहे खा; "तर्री डालूँ?" असं विचारतील, हो म्हणा. पुढे देवरीपर्यंत एसटी आणि तिथून चिचगडला जीप, माणशी वीस रुपये. ती भरेपर्यंत तासभर बसायची तयारी ठेवा. चिचगडहून टोल्याला पूर्वी नुसती पायवाट होती, आजाऱ्याला खाटेवर घालून आणायचे. वारा मोजायचा मनोरा वर न्यायचा म्हणून काकाजींनी अख्खा टोला कामाला लावला, मुरूम आमच्या कंपनीनं दिला आणि जीपपुरता कच्चा रस्ता झाला. पवनचक्क्या आल्या की तो पक्का होईल, या आशेवर काकाजी आहेत असं मी धरून चालले होते. त्यातून आता त्यांची सून गरोदर होती.

भात, लाखोरीची डाळ आणि वांग्याची भाजी असं पोटभर जेवल्यावर काकाजी मला खळ्यावर घेऊन गेले. धान उडवणं, म्हणजे दाण्यांतून भुसा वेगळा करणं, चाललं होतं आणि दोन बाया हातानं फिरवायचा भलामोठा पंखा फिरवत होत्या. त्याची लाकडी मूठ झिजून गुळगुळीत झाली होती. पंखा काकाजींच्या वडिलांच्या वेळचा निघाला. म्हणजे वाऱ्याच्या भरवशावर इथं कुणी धान उडवतच नव्हतं! मी कपाळावर हात मारला. मनोरा उतरवावा लागेल, पवनचक्क्या येणार नाहीत, रस्ताही पक्का होणार नाही, हे मग एका दमात सांगून टाकलं.

"मले मालूम होता, बाई," काकाजी शांतपणे म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी जमीन कोनाची, एवढंच विचारलं. वारा नाही म्हनलं असतं तं तुमी आल्याच नसत्या. मंग रस्ता कसा झाला असता?"

मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. त्या म्हाताऱ्यावर माझा फार जीव आहे.

परत आल्यावर जागा पाहणीच्या फॉर्ममध्ये मी पहिला प्रश्न घातला: इथे धान्य कसं उडवतात? साहेबांनी भुवया उंचावल्या, पण राहू दिला.

मार्चमध्ये काकाजींचा फोन आला. सुनेला जीपनं देवरीच्या दवाखान्यात नेलं होतं, नात झाली.

"खाट नाही लागली, बाई," एवढंच म्हणाले.